डायलचा फोन चालता ठेवताना

आमच्या घरच्या जुन्या डायलच्या फोनवरून कुणाच्या मोबाइलवर फोन लावायचा तर अर्धा मिनिट जातं. लँडलाइनवरून मोबाइलला आधी शून्य लावायचं, हा नियम १५ जानेवारी २०२१ पासूनचा. डायलवर शून्य म्हणजे सगळ्यात लांबची फेरी. पुढचे दहा आकडेही सोपे नाहीत, कारण मोबाइलचे नंबर सहा, सात, आठ नाहीतर नऊनंच सुरू होतात. बोट घालायचं, ओढत आडणीपर्यंत, म्हणजे बोट अडवणाऱ्या पट्टीपर्यंत न्यायचं, सोडायचं आणि डायल स्वतःच्या चालीनं परत येईपर्यंत थांबायचं. मध्येच एक आकडा चुकला की पुन्हा पहिल्यापासून. बायको म्हणते, "तुमचा नंबर लागेस्तोवर माझा चहा उकळतो."

तरीही हा फोन हौसेखातर मांडून ठेवलेला नाही, तो आईसाठी आहे. आईनं ऐंशी ओलांडलीय. तिच्या हाताची बोटं इतकी कोरडी पडलीत की स्मार्टफोनच्या काचेला ती कळतच नाहीत. दोनदा-तीनदा टेकवून बघते आणि ठेवून देते. "ह्याला माझं बोट वळखू येईना बघ," असं म्हणते. साधा बटणाचा मोबाइल देऊन बघितला, तर त्याची बटणं बारीक, आवाज बारीक आणि चार्जिंग कायम संपलेलं. डायलच्या भोकात मात्र तिचं बोट बरोबर जातं. घंटी वाजली तर परसातून ऐकू येते. आणि रिसीव्हर कानाला लावला की तोंड कुठं न्यायचं हे तिला सांगावं लागत नाही.

लातूरला आमच्या घरात पहिला फोन आला तेव्हा गल्लीत तो एकटाच होता. आजूबाजूच्या चार घरांच्या लग्नपत्रिकांवर आणि कार्डांवर आमचा नंबर छापलेला असायचा, पुढं कंसात 'पीपी'. त्याचा अर्थ, शेजाऱ्याला बोलावून द्या. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. त्यानंतर पुण्या-मुंबईहून ज्यांचे फोन आले त्यातले निम्मे आमच्यासाठी नव्हतेच. आम्ही पोरं निरोप घेऊन पळत होतो. तो फोन आता नाही. त्या काळात फोनचं यंत्र टेलिफोन खात्याच्या मालकीचं असे. बटणाचा फोन आला तेव्हा लाइनमन जुना उचलून घेऊन गेला आणि पावतीवर सही घेतली. त्यामुळे 'आजोबांच्या वेळचा फोन' वगैरे काही माझ्या गोष्टीत नाही. आताचा फोन छत्रपती संभाजीनगरला छावणीच्या आठवडी बाजारात, जुन्या कुलपांच्या आणि पितळी नळांच्या ढिगात मिळाला.

विकणारा म्हणाला, "शोपीस आहे सर, लाइट लावून द्या आत, लय भारी दिसतो." हल्ली जुन्या फोनांचं हेच होतंय. आतडी काढून टाकायची, पितळी रंग मारायचा आणि हॉटेलच्या काउंटरवर ठेवायचा. ऑनलाइन तर डायलसारखी दिसणारी, पण खरं म्हणजे गोल मांडलेली बटणं असलेली नवी यंत्रंही मिळतात. ती घेऊ नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. त्यात फिरत काहीच नाही.

आमचा फोन काळा, बेकेलाइट नावाच्या जुन्या कडक प्लास्टिकचा, दोन्ही हातांनी उचलावा इतका जड. बुडाला आयटीआयचा शिक्का आहे. इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज, बंगळुरू, १९४८ सालची सरकारी कंपनी. देशभरच्या घरांत आणि कचेऱ्यांत जे काळे फोन दिसायचे त्यातले बहुतेक तिथलेच. बुडाचा पत्रा उघडला तर आत कुंभारमाशीनं घंटीच्या वाटीखाली मातीचं घर केलेलं. वायर आत येते त्या भोकातून ती ये-जा करत असणार. मातीनं घंटीचा टोला जागच्या जागी पक्का बसला होता. बाकी काळ्या मातीची धूळ, एक वाळलेली पाल आणि आतल्या बाजूला चिकटवलेला जोडणीचा पिवळा कागद. या कागदाचा मी आधी मोबाइलवर फोटो काढून ठेवला. वायरींचे रंग सगळे धुरकट झालेले असतात. कुठली कुठं होती हे नंतर आठवत नाही.

आमच्या गल्लीत एक निवृत्त लाइनमन राहतात. सगळे त्यांना मामाच म्हणतात. त्यांच्यापुढं फोन ठेवला तर त्यांनी आधी तो उलटा करून वजन बघितलं, मग डायल एकदा फिरवली आणि डोळे मिटून ऐकलं.

"मंद हाय. सात-साडेसातनं चालायलाय," मामा म्हणाले.

सेकंदाला सात-साडेसात ठोके, असा त्याचा अर्थ. मला हे कानानं कळणं शक्य नव्हतं, म्हणून मी दुसरी वाट धरली. मोबाइल डायलशेजारी ठेवून आवाज रेकॉर्ड केला आणि आवाजाची लाट दाखवणाऱ्या ॲपमध्ये बघितला. शून्य फिरवून सोडलं की परत येताना दहा ठोके पडतात. प्रमाण सेकंदाला दहाचं, म्हणजे पहिल्या ठोक्यापासून दहाव्यापर्यंत ०.९ सेकंद लागायला हवेत. आमच्या डायलला १.३ लागत होते. हिशोब केला तर सेकंदाला सातच. मामांचा कान जवळजवळ बरोबर होता.

हे ठोके काय करतात ते मामांनी सांगितलं तसं मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. रिसीव्हर उचलला की एक्स्चेंजच्या बॅटरीतला प्रवाह आपल्या घरातून फिरायला लागतो. जुन्या एक्स्चेंजची बॅटरी पन्नासेक व्होल्टची. डायल परत येताना तो प्रवाह आकड्याइतक्या वेळा तुटतो. पाच फिरवलं तर पाचदा, शून्य फिरवलं तर दहादा. मामांनी उमेदीची वर्षं स्ट्रोजर एक्स्चेंजमध्ये काढली. तिथं प्रत्येक तुटीला नंबर जोडणारा एक लोखंडी सिलेक्टर एक पायरी वर चढायचा. "तुम्ही घरात सात फिरवला की तिकडं माझ्यापुढं सात पायऱ्या खटखट वर. सगळ्या गावाचे नंबर कानावर यायचे." या यंत्राला सेकंदाला दहा पायऱ्यांचा वेग झेपायचा, म्हणून डायलही त्याच वेगाची. ज्याच्या नावानं ते यंत्र आहे तो अल्मन स्ट्रोजर अमेरिकेत अंत्यविधीचं सामान पुरवणारा होता. त्याचं पेटंट १८९१ चं. ऑपरेटरबाई आपली गिऱ्हाइकं दुसऱ्याकडं जोडून देते असा त्याला संशय होता, म्हणून त्यानं ऑपरेटरच काढून टाकला, असं सांगतात. मामांना ही गोष्ट माहीत होती आणि ती सांगताना ते फार खूश होते.

डायल उघडायच्या आधी लाइन काढून ठेवायची. नुसती लाइन चटका देत नाही, पण नेमकी त्या वेळी कुणाची घंटी आली तर ती पाऊणशे व्होल्टच्या वरची आणि उलटसुलट प्रवाहाची असते. हाताला चांगला झटका बसतो.

आत एक स्प्रिंग, दोन-तीन दातेरी चाकं आणि गव्हर्नर. गव्हर्नर म्हणजे एका दांडीवर दोन छोटी वजनं. दांडी गरगर फिरली की वजनं बाहेर फाकतात आणि भोवतालच्या पितळी वाटीला घासतात. जितका वेग जास्त तितकी घसण जास्त. म्हणून डायल कुणीही कशीही ओढली तरी परत येते एकाच चालीनं. ती बोटानं मागं ढकलू नये याचं कारणही हेच. ढकलली की ठोक्यांचं माप बिघडतं. लहानपणी आम्हाला यासाठी धपाटे बसायचे, पण कारण कधी कुणी सांगितलं नाही.

मी शिलाई मशीनच्या तेलाची बाटली घेऊन बसलो होतो. मामांनी ती उचलून खिडकीत ठेवली. "सर, ह्याला तेलानंच मंद केलंय." खरंच, जुनं तेल धुळीत कालवून चाकांवर डिंकासारखं बसलं होतं. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या बारीक ब्रशनं ते दात-दात करून काढलं. आकड्यांच्या तबकडीला मात्र ते लागू द्यायचं नाही, रंग निघण्याची भीती असते. सगळं वाळल्यावर घड्याळवाल्याकडून आणलेल्या तेलाचा, सुईच्या टोकावर राहील एवढाच थेंब दांड्यांच्या टोकांना. वाटीच्या आतल्या बाजूला तेल अजिबात नाही. तिथं तेल गेलं की घसण राहत नाही आणि डायल पळत सुटते. गंज सोडवायचे जे फवारे मिळतात ते इथं वापरायचे नाहीत. ते आज मोकळं करतात आणि त्यांच्यावर पुन्हा धूळ चिकटते.

ठोके पाडणाऱ्या दोन पट्ट्यांची टोकं काळी पडली होती. पॉलिशपेपर लावायचा मोह होतो, पण टोकाचा धातू त्यानं झिजतो. मामांनी लग्नपत्रिकेच्या जाड कागदाची पट्टी कापली, दोन टोकांमध्ये धरली आणि टोकं हलकी दाबून ती ओढून घेतली. कागदावर काळी रेघ उमटली. रेघ उमटायची थांबेपर्यंत तेच करायचं. आणखी एक पट्ट्यांची जोडी असते, तिच्याकडं सहसा कुणी बघत नाही. डायल जागची हलली की ती रिसीव्हर तात्पुरता मुका करते. ती घाण झाली तर डायल करताना कानात ठाठा आवाज येतो.

हे सगळं झाल्यावर पुन्हा रेकॉर्ड केलं तर १.० सेकंद. उरलेली कसर मामांनी गव्हर्नरच्या स्प्रिंगा किंचित ताणून काढली. ते काम मी करून बघितलं नाही आणि करणारही नाही. त्याला हात हवा.

इतकं करून फोन लावला तर टोन खणखणीत. दुसऱ्या मोबाइलवरून लावून बघितलं तर घंटी वाजली. पण आम्ही आकडा फिरवला की काहीच नाही, टोन आपला चालूच. कारण साधं आहे. आमच्याकडची तांब्याची लाइन जाऊन फायबर आलंय. फोनची वायर आता एक्स्चेंजला जात नाही, भिंतीवरच्या फायबरच्या डब्यात जाते. तो डबा बटणांचे सूर ओळखतो, ठोके ओळखत नाही. काही डब्यांना ठोकेही कळतात. आपल्याला कळतात का हे बघायची रीत अशी : टोन चालू असताना कुठलाही एक आकडा फिरवायचा. डायल परत आल्यावर टोन बंद पडला तर डब्याला कळलं, तसाच राहिला तर नाही.

सीडॉट या सरकारी दूरसंचार संशोधन संस्थेची स्थापना १९८४ ची. तिनं खेड्यापाड्यांसाठी जी इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंजेस बनवली त्यांनासुद्धा डायलचे फोन चालायचे. सगळ्या गावात तेच होते, त्यांना सोडून कुणाला जमणार होतं? आता ते बंधन कुणावर नाही.

उपाय म्हणजे फोन आणि डबा यांच्या मध्ये लावायचा एक छोटा बदलक. प्रवाह किती वेळा तुटला ते तो मोजतो, थोडा थांबतो आणि तेवढ्या आकड्याचा सूर पुढं पाठवतो. लाइनच्याच प्रवाहावर चालतो, वेगळा चार्जर नको. आकडा फिरवून डायल आडणीजवळ थोडी धरून ठेवली तर स्टार आणि हॅशही जातात. त्यामुळं गॅस बुकिंगच्या 'मराठीसाठी एक दाबा'लाही आता आमचा फोन उत्तर देतो. पण या बदलकामुळंच डायलचा वेग पक्का असणं भाग पडतं. मंद डायलचे नऊ ठोके त्याला एखादवेळी चार आणि पाच असे दोन आकडे वाटतात. स्ट्रोजरचं लोखंड गेलं तरी दहाचा हिशोब काही चुकला नाही.

एक अडचण फायबरनं नवी आणली. पूर्वी लाइट गेली तरी फोन चालायचा, कारण वीज एक्स्चेंजमधून यायची. आता डब्याची लाइट गेली की फोनही मेला, आणि उन्हाळ्यात आमच्याकडं लाइट जाते तेव्हा सांगून जात नाही. बारा व्होल्टचा छोटा यूपीएस डब्याला लावलाय. उलट, वळवाच्या पावसाची भीती मात्र कमी झाली. आधी आभाळ गडगडलं की आई पहिल्यांदा रोझेटमधून, म्हणजे भिंतीवरच्या फोनच्या डबीतून वायर काढायची. खांबावरून घरात येणाऱ्या तांब्याच्या तारेनं कितीतरी घरांचे फोन जाळले होते.

घंटीचं काम मला सगळ्यात जास्त आवडलं. दोन पितळी वाट्या, मध्ये टोला. मातीचं घर काढून टाकल्यावरही एकाच वाटीचा आवाज यायचा, दुसरीवर टोला नुसता टेकायचा. वाटीचं भोक मधोमध नसतं, थोडं बाजूला असतं. स्क्रू ढिला करून वाटी गोल फिरवली की टोल्याचं अंतर कमी-जास्त होतं. दोन्हीकडं कागदभर अंतर राहील असं बसवलं आणि भारताच्या घंटीची ती ओळखीची चाल पुन्हा ऐकू आली, लागोपाठ दोन ट्रिंग आणि मग दोन सेकंद शांत. डब्यातून घंटीला मिळणारा जोर एक्स्चेंजइतका नसतो, त्यामुळं दुसरा जुना फोन समांतर जोडायचा नाद सोडून द्यावा लागला. दोन्ही मुके होतात.

घंटीच्या वाटेत एक कंडेन्सर असतो. तो घंटीचा उलटसुलट प्रवाह जाऊ देतो आणि लाइनचा एकाच दिशेचा प्रवाह अडवतो. जुना कागदी असेल तर तो सरळ बदलावा. तो झिरपायला लागला की रिसीव्हर खाली ठेवलेला असूनही डब्याला तो उचललेलाच वाटतो आणि बाहेरच्याला सतत एंगेज लागतो. २.२ मायक्रोफॅरडचा, २५० व्होल्टचा फिल्म कंडेन्सर बसवला की झालं. लातूरच्या गंजगोलाई बाजारात इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात तो किरकोळ पैशात मिळाला.

बोलण्याच्या बाजूला कार्बनची कॅप्सूल आहे. आत कोळशाचे बारीक दाणे, पुढं पातळ पडदा. आपण बोललो की दाणे दाबले-सुटले जातात आणि प्रवाह कमी-जास्त होतो. फोन नुसता पडून राहिला की दाणे एकमेकांना धरून बसतात. मग समोरचा म्हणतो, "आवाज लांबून यायलाय." अशा वेळी रिसीव्हर तळहातावर चारदा आपटायचा, बस्स. आई हे आपणहून करते, तिला कुणी शिकवलं नाही. पावसाळ्यात कॅप्सूल काढून एक दिवस तांदळाच्या डब्यात ठेवतो. त्यानं फरक पडतो असं माझं मत आहे, मामांचं नाही.

बेकेलाइट पाण्यात भिजवू नये, पाणी शोषून ते राखाडी दिसायला लागतं. ओल्या फडक्यानं पुसून, वाळवून, मऊ कापडावर ब्रासो घेऊन हळूहळू घासलं. काळं पाणी निघतं आणि खालून चमक येते. उन्हात ठेवला तर ती पुन्हा जाते, म्हणून फोनची जागा खिडकीजवळून हलवून देव्हाऱ्याच्या भिंतीला केली. जुन्या फोनला काळा रंग मारणाऱ्यांचं मला नवल वाटतं.

आईच्या उजव्या हाताला पुठ्ठ्यावर मोठ्या आकड्यांत नंबर लिहून टांगलेत, वर एकेकाचं नाव. रोज दुपारी ती धाकट्या बहिणीला परभणीला लावते. डायल रोज फिरत असल्यामुळं ती पुन्हा मंद झालेली नाही. मध्ये आम्ही महिनाभर मुलीकडं गेलो तेव्हा मात्र परत आल्यावर पहिल्या काही फेऱ्या जड गेल्या.

आता गल्लीतल्याच एका घरातून हिरवा फोन आलाय. डायल उत्तम, कॅप्सूल चालू, घंटी बंद. मीटर लावला तर घंटीच्या दोन गुंडाळ्यांपैकी एकीत पाचशेच्या आसपास ओहम, दुसरीत काहीच नाही. तार तुटलीय. बोअरच्या मोटारी भरणाऱ्या रिवाइंडिंगवाल्याला नेऊन दाखवली. त्यानं ती केसासारखी तार चिमटीत धरून उजेडात बघितली.

"मामा, हे मोटारीचं न्हाई, डोळ्यानं दिसंना झालंय."

मामा म्हणाले, "दिसंल. चष्मा घालून ये उद्या."

तार किती नंबरची लागेल ते त्यानं कागदावर लिहून दिलंय. तेवढी बारीक लातुरात मिळाली नाही, हैदराबादहून मागवलीय.